सूर्यासमोरच्या चुंबकावरणातले विद्युत प्रवाह : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

वही आजपासून. चुंबकावरणाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशाच्या, सूर्याकडच्या तोंडावर जो विद्युत प्रवाह वाहतो, त्याचा उपग्रहांनी दिलेला आकडा कितपत धरून चालायचा, हा प्रश्न घेतलाय. शोधनिबंध चाळताना कुठे ५० नॅनोअँपिअर प्रति चौरस मीटर दिसतं, कुठे १००० च्याही वर, आणि दोन्ही मॅग्नेटोपॉजचेच, म्हणजे चुंबकावरणाच्या बाहेरच्या सीमेचेच, आकडे. ही तफावत निसर्गातली किती आणि मोजण्याच्या पद्धतीतली किती, ते वेगळं करायचंय.

डेटाला हात लावण्याआधी कागद-पेन. सौर वारा सेकंदाला ४०० किमी वेगाने येतोय आणि घन सेंटीमीटरमागे पाच प्रोटॉन आहेत असं धरलं, तर त्याचा दाब १.३ नॅनोपास्कल निघतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर जमिनीलगत सुमारे ३१,००० नॅनोटेस्ला. ते अंतराच्या घनाच्या हिशोबाने उतरतं, म्हणजे १० पृथ्वी-त्रिज्यांवर ३१ नॅनोटेस्ला उरलं पाहिजे. एवढ्या क्षेत्राचा चुंबकीय दाब जेमतेम ०.३८ नॅनोपास्कल. सौर वाऱ्याला तो पुरा पडत नाही, तरीही सीमा साधारण दहा त्रिज्यांच्याच आसपास सापडते.

हा हिशोब जुळवतो तो सीमेवरचा प्रवाहच. सिडनी चॅपमन आणि व्हिन्सेंट फेरारो यांनी १९३०-३१ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की सौर वाऱ्याचे कण क्षेत्रावर आदळले की प्रोटॉन एका बाजूला वळतात, इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूला, आणि सीमेवर प्रवाहाचं पटल तयार होतं. या पटलाचं स्वतःचं क्षेत्र बाहेरच्या बाजूला पृथ्वीचं क्षेत्र पुसून टाकतं आणि आतल्या बाजूला तितकीच भर घालतं. ३१ चे ६२ झाले की दाब १.५ नॅनोपास्कल होतो आणि सौर वाऱ्याशी तोल जमतो. सीमा उपग्रहाने खरोखर गाठली ती १९६१ मध्ये, 'एक्सप्लोरर १२' ने. त्या वेळी वाटेत तीस वर्षं गेली होती आणि मधल्या काळात कुणी तिथे पोचलंही नव्हतं. निव्वळ युक्तिवादाने त्यांनी ती सीमा जागेवर नेऊन ठेवली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१० जानेवारी

मॅडमनी कालच्या चर्चेत एकच गोष्ट विचारली: "प्रवाह म्हणतेस तो नक्की कोणता? पटलाचा एकूण, की एका चौरस मीटरमधला?" सगळं यावरच अडलेलं आहे, हे आज गणित केल्यावर दिसलं.

बाहेर जवळजवळ शून्य आणि आत ६० नॅनोटेस्ला, म्हणजे उडी ६० ची. अँपिअरच्या नियमाने ही उडी ओलांडायला पटलाच्या दर मीटर रुंदीमागे ४८ मिलिअँपिअर लागतात. दर किलोमीटरला ४८ अँपिअर. पटल पृथ्वीच्या कित्येक त्रिज्या पसरलेलं असल्यामुळे एकूण बेरीज काही दशलक्ष अँपिअरवर जाते. मध्यान्हाच्या रेषेवर दिशा पहाटेच्या बाजूकडून संध्याकाळच्या बाजूकडे.

ही उडी एकटा उपग्रहसुद्धा नीट सांगतो: आत किती होतं, बाहेर किती आहे, वजाबाकी करा. पण चौरस मीटरमागचा प्रवाह हवा असेल तर पटलाची जाडी लागते. तेच ४८ मिलिअँपिअर ८०० किमी जाडीत पसरले तर ६० नॅनोअँपिअर प्रति चौरस मीटर, ८० किमीत दाटले तर ६००. पहिल्या दिवशीच्या तफावतीतला मोठा भाग इथेच सुटतो.

जाडीचं दुखणं मात्र वेगळं. कक्षेच्या लांबच्या टोकाला यान सेकंदाला एक-दोन किमीने सरकत असतं, तर मॅग्नेटोपॉज सौर वाऱ्याच्या दाबानुसार भात्यासारखा आत-बाहेर होत असतो, सेकंदाला दहा-वीसपासून शंभर किमीपर्यंत. यान सीमा ओलांडत नाही, सीमाच यानावरून जाते. पटल दोन सेकंदांत गेलं की वीस सेकंदांत, हे एकट्या यानाला कळतं. पण ते पातळ होतं म्हणून लवकर गेलं की वेगात होतं म्हणून, हे त्याला सांगता येत नाही.

१७ जानेवारी

म्हणून यानांची संख्या वाढली. १९७७ मध्ये 'आयसी १' आणि 'आयसी २' ही जोडी एकामागोमाग उडत गेली. पटल आधी एकाला लागतं, मग दुसऱ्याला, त्यामुळे वेग मिळाला, वेगावरून जाडी. ४०० ते १००० किमी हे नेहमी सांगितले जाणारे आकडे त्या जोडीने रूढ केले.

पण दोन यानांना फक्त त्यांना जोडणाऱ्या रेषेवरचा बदल समजतो. प्रवाह पूर्ण काढायचा तर क्षेत्र तिन्ही दिशांना कसं बदलतं ते हवं, आणि त्यासाठी एका पातळीत नसलेले किमान चार बिंदू, म्हणजे चतुष्फलक. क्लस्टर मोहीम त्यासाठीच आखली. तिची पहिली चार याने ४ जून १९९६ रोजी एरियन-५ च्या पहिल्याच उड्डाणात नष्ट झाली. पुन्हा बांधलेली चार २००० च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयुझवरून दोन-दोन करून गेली: साल्सा, सांबा, रुंबा, टँगो. त्यातलं साल्सा गेल्या ८ सप्टेंबरला दक्षिण पॅसिफिकवर वातावरणात उतरवलं. दोन वर्षांची म्हणून धाडलेली मोहीम चोवीस वर्षं चालली.

पद्धतीचं नाव कर्लोमीटर. चार बिंदूंवरची चुंबकीय क्षेत्रं घ्यायची, मधल्या जागेत क्षेत्र सरळ रेषेत बदलतं असं धरायचं, आणि त्यावरून चतुष्फलकाच्या मध्याजवळचा सरासरी प्रवाह काढायचा. 'सरळ रेषेत' ही अट ठळक लिहून ठेवतेय. पुढच्या सगळ्या नोंदी तिच्याच भोवती फिरणार.

२४ जानेवारी

खऱ्या डेटाआधी बनावट पटल. क्षेत्र एका बाजूला उणे ३० आणि दुसऱ्या बाजूला अधिक ३० नॅनोटेस्ला, मध्ये हॅरिसच्या सूत्राप्रमाणे गुळगुळीत वळण, अर्धी जाडी ५० किमी. मधोमध खरा प्रवाह ४७७ नॅनोअँपिअर प्रति चौरस मीटर, हे सूत्रावरून ठाऊकच आहे. आता मध्याच्या दोन्हीकडे सारख्या अंतरावर दोन याने ठेवून वजाबाकीने तोच प्रवाह काढायचा. चतुष्फलकाची ही सोपी आवृत्ती, पण मुद्दा कळायला पुरेशी.

यानांमध्ये १० किमी अंतर असताना उत्तर खऱ्याच्या ९९.७ टक्के. १०० किमीला ७६ टक्के, म्हणजे ३६३. २०० किमीला निम्म्याखाली, २३०. आणि १००० किमीला फक्त ४८! दहापट कमी, आणि आलेखात काहीही बिघडलेलं दिसत नाही. रेषा स्वच्छ, शिखर सुबक, आकडा दहावा हिस्सा.

मग याने जवळच ठेवावीत ना? तेही नेहमी चालत नाही. चुंबकमापकाचा शून्यबिंदू ०.१ नॅनोटेस्लाने जरी सरकलेला असला, तरी १० किमी अंतरावर त्याचा ८ नॅनोअँपिअरचा खोटा प्रवाह होतो. पातळ पटलाच्या ४७७ पुढे तो किरकोळ आहे. पण पटल दहापट जाड घेतलं, अर्धी जाडी ५०० किमी, की खरा प्रवाहच ४८ वर येतो आणि त्यातले ८ म्हणजे १७ टक्के. त्याच जाड पटलाला याने १०० किमीवर नेली की चूक दोन टक्क्यांच्या आत येते.

सगळ्या पटलांसाठी चांगलं, असं एकच अंतर नाही. दूरची याने पातळ पटल पुसट करतात, जवळची याने जाड पटलात स्वतःचीच खरखर मोजतात. म्हणून प्रवाहाच्या आकड्याशेजारी यानांमधलं अंतर भागिले पटलाची जाडी हा दुसरा आकडा असलाच पाहिजे, असं माझं मत आता पक्कं झालंय. तो नसेल तर दोन मोहिमांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

३ फेब्रुवारी

एमएमएस या नासाच्या चार यानांच्या मोहिमेचा डेटा उतरवला. चारही यानांची वेळ एका मापावर आणली, दिशा पटलाच्या हिशोबात बदलून घेतल्या: एक अक्ष पटलाला लंब, एक क्षेत्र उलटतं त्या दिशेने, तिसरा प्रवाहाच्या दिशेने. लंब दिशा काढायला सॉनरप आणि काहिल यांची १९६७ ची किमान-विचलन पद्धत (क्षेत्र जिच्यात सर्वांत कमी बदलतं ती दिशा लंब मानायची) वापरली.

१२ फेब्रुवारी

१६ ऑक्टोबर २०१५, जागतिक वेळ १३:०७. या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ही वेळ कधी ना कधी पडद्यावर उघडलेली असते. मॅग्नेटोपॉजवर चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, त्या जोडणीच्या अगदी गाभ्याजवळून एमएमएसची चारही याने गेली. इलेक्ट्रॉनांचं चंद्रकोरीसारखं वेग-वितरण तिथे दिसलं आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झालं.

आलेख आधी दोन मिनिटांचा काढला. चार यानांच्या चार रेषा एकमेकींवर अशा बसलेल्या की एकच वाटावी. मग दोन सेकंदांवर आणला. आता रेषा सुटल्या: आधी एक खाली झुकते, तिच्यामागे काही शतांश सेकंदांनी दुसरी, आणि एक बाजूला जरा वेगळं वळण घेऊन येते. आपल्याला हवा तो प्रवाह या फटींमध्ये आहे. याने एकमेकांपासून दहाएक किमीवर, पटल सेकंदाला ५० किमीने जात असेल तर दोघांत फरक ०.२ सेकंदाचा. चुंबकमापक या अवस्थेत सेकंदाला १२८ नोंदी घेतो, म्हणजे त्या ०.२ सेकंदात पंचवीस. म्हणून फटी दिसतात. सेकंदाला एखाददुसरी नोंद असती तर चारही रेषा खरोखरच एक झाल्या असत्या.

कर्लोमीटरचं शिखर मायक्रोअँपिअरच्या घरात, म्हणजे १००० नॅनोअँपिअरच्या आसपास. सोबत गुणवत्तेची खूणही काढली: चुंबकीय क्षेत्राचं अपसरण (एखाद्या जागेतून क्षेत्र बाहेर किती पसरतं याचं माप) निसर्गात नेहमी शून्य असतं, त्यामुळे आपल्या चार बिंदूंवरून ते जितकं येईल तितकी 'सरळ रेषेत'ची अट मोडली असं समजायचं. शिखराच्या दोन्ही बाजूंना ही खूण लहान राहते, ऐन गाभ्यात वाढते. अर्थात खूण लहान आली म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. २४ जानेवारीच्या बनावट पटलात अपसरण तंतोतंत शून्य होतं आणि तरी आकडा दहापट चुकत होता. ही खूण सरसकट पावती म्हणून वापरलेली दिसते तेव्हा मला अस्वस्थ वाटतं.

१४ फेब्रुवारी

तोच प्रवाह दुसऱ्या वाटेने. प्रवाह म्हणजे शेवटी वाहणारे कण. घनता, आयनांचा वेग आणि इलेक्ट्रॉनांचा वेग माहीत असेल तर वजाबाकी आणि गुणाकार पुरे. यासाठी चार याने नकोतच, एक यान बास. मग आधीच्या मोहिमांनी हे का केलं नाही? क्लस्टर यान चार सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेई आणि कणांचं पूर्ण चित्र एका फेरीत मिळे. १०० किमीचं पटल ५० किमीच्या वेगाने दोन सेकंदांत निघून जातं, म्हणजे एकही पूर्ण चित्र हाती नाही. एमएमएसने यानाच्या चारही बाजूंना संवेदक बसवून फेरीची वाट बघणंच संपवलं: इलेक्ट्रॉनांचं चित्र ३० मिलिसेकंदांत, आयनांचं १५० मध्ये. त्याच दोन सेकंदांत इलेक्ट्रॉनांची सहासष्ट चित्रं.

दोन्ही रेषा एकाच आलेखावर ठेवल्या. उतार-चढाव जुळतात, आणि दोन पूर्णपणे वेगळ्या उपकरणांवरून, वेगळ्या नियमांवरून आलेल्या रेषा अशा हातात हात घालून जाताना पाहून खरंच आनंद झाला. घन सेंटीमीटरला दहा कण धरले तर १ मायक्रोअँपिअरसाठी इलेक्ट्रॉन आयनांच्या मानाने सेकंदाला सुमारे ६२५ किमीने धावले पाहिजेत, आणि कणांच्या आलेखात इलेक्ट्रॉनांचे काहीशे किमीचे झोत दिसतातच. आयन तिथे जड आणि मंद, प्रवाह जवळजवळ सगळा इलेक्ट्रॉनांचा. चॅपमन-फेरारोच्या चित्रात दोघेही वळतात, पण एवढ्या पातळ पटलात वाहून नेण्याचं काम इलेक्ट्रॉनच करतात.

जुळत नाही तिथेच जास्त रस आहे. कर्लोमीटरची रेषा गुळगुळीत, कणांची खरबरीत. कारण अंतराचंच. या घनतेला इलेक्ट्रॉनांचं स्वतःचं लांबीचं माप १.७ किमी पडतं. १० किमीचं चतुष्फलक त्याच्या सहापट मोठं, म्हणजे आत जे बारीक घडतंय त्याची सरासरीच येणार. अवकाशात दहा किमीवर चार याने राखणं ही थोर कामगिरी, आणि तरी इलेक्ट्रॉनांच्या जगात ती दूरदूरच आहेत. पुढे एमएमएसने हे अंतर सात किमीपर्यंत खाली आणलं.

कणांच्या रेषेलाही सूट नाही. उन्हामुळे यानाच्या पृष्ठभागावरून सुटणारे इलेक्ट्रॉन मोजणीत मिसळतात. मॅग्नेटोपॉजच्या आतल्या बाजूला, जिथे घनता उतरते, तिथे याचा त्रास वाढतो. तिथे कर्लोमीटर धरायचा, कमी जाडीच्या, जास्त घनतेच्या भागात कण धरायचे, असं ठरवलं.

२० फेब्रुवारी

थोडं निवडीबद्दल. एमएमएस जेवढा बारीक डेटा गोळा करतं तेवढा सगळा पृथ्वीवर पाठवता येत नाही. आलटून-पालटून एक शास्त्रज्ञ आढावा बघतो आणि कोणते तुकडे बारीक स्वरूपात उतरवायचे ते ठरवतो. ठळक, पातळ, जोरदार पटलं साहजिकच आधी निवडली जातात. उरलेल्या वेळात कणांची नोंद ४.५ सेकंदांनी एक. म्हणजे फक्त बारीक डेटावरून 'सरासरी मॅग्नेटोपॉज' सांगितला तर तो असतो त्यापेक्षा पातळ आणि जास्त प्रवाहाचा दिसणार. माझ्या यादीत शांत दिवसांची, उत्तरेकडे झुकलेल्या आंतरग्रहीय (सौर वाऱ्यासोबत येणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राची पटलंही मुद्दाम घेतेय. तिथे रेषांची जोडणी समोरच्या तोंडावर सहसा होत नाही आणि चॅपमन-फेरारोचं साधं चित्र जवळ येतं.

२७ फेब्रुवारी

सीमेवरून आत. सीमेच्या आत वलय-प्रवाह, म्हणजे पृथ्वीभोवती कड्यासारखा फिरणारा प्रवाह, पश्चिमेकडे वाहतो. मध्यान्हाच्या रेषेवर पश्चिम म्हणजे पहाटेची बाजू, आणि मॅग्नेटोपॉजचा प्रवाह संध्याकाळच्या बाजूकडे, म्हणजे पूर्वेला. एकाच रेषेवर काही त्रिज्यांच्या अंतराने दोन उलटे प्रवाह. जमिनीवर याचा परिणाम दिसतो: सौर वाऱ्याचा धक्का आला की सीमा आत सरकते, पूर्वेचा प्रवाह वाढतो आणि विषुववृत्ताजवळच्या वेधशाळांत आडवं क्षेत्र एकदम उडी घेतं. चुंबकीय वादळ पुढे पेटलं की वलय-प्रवाह तेच क्षेत्र खाली ओढतो.

दिवसाच्या बाजूला वलय-प्रवाहाला आणखी एक वळण आहे. दाबामुळे सीमेजवळ क्षेत्र विषुववृत्ताच्या पातळीवर इतकं वाढतं की एका चुंबकीय रेषेवरचं सर्वांत कमी क्षेत्र मध्यावर न राहता उत्तर-दक्षिणेला दोन ठिकाणी सरकतं. कण त्या दोन खळग्यांतून जातात, प्रवाहही दुभंगतो. थेमिस या नासाच्या दुसऱ्या मोहिमेची याने विषुववृत्ताजवळून फिरतात, त्यामुळे या दोन फाट्यांच्या मधून जातात. फाटे पाहायला त्यांच्या कक्षा सोयीच्या नाहीत.

६ मार्च

चुंबकीय रेषांना धरून वाहणारे प्रवाह. बर्कलंडने १९०८ मध्ये सुचवले, ट्रायड उपग्रहाच्या नोंदींवरून ईजिमा आणि पोटेम्रा यांनी १९७६ मध्ये त्यांची रचना मांडली: ध्रुवाजवळचं पहिलं वर्तुळ, त्याच्या विषुववृत्ताकडे दुसरं. पहिल्या वर्तुळाचा प्रवाह पहाटेच्या बाजूने आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) उतरतो, संध्याकाळच्या बाजूने वर जातो, आणि दिवसाच्या बाजूला त्याची वरची टोकं सीमेवरच्या प्रवाहाशी जोडलेली मानतात.

इथे मोजण्याचं गणित उलटं. २०१३ मध्ये सोडलेली स्वार्म याने ४५०-५०० किमी उंचीवरून सेकंदाला ७.६ किमीने जातात, पटल जवळजवळ स्थिर. म्हणून एकट्या यानाचा वेळही अंतर म्हणून चालतो, १०० किमीचा पट्टा तेरा सेकंदांत. अडचण वेगळीच: खालचं क्षेत्र चाळीस-पन्नास हजार नॅनोटेस्लाचं, प्रवाहाची खूण काहीशे. ३०० नॅनोटेस्लाची उडी म्हणजे दर मीटरला ०.२४ अँपिअर, वरच्या सीमेच्या पाचपट. रेषा खाली येताना एकवटतात, त्यांच्यासोबत प्रवाहही एकवटतो.

१३ मार्च

एमएमएसच्या उड्डाणाला काल दहा वर्षं झाली. केप कॅनाव्हेरलहून अॅटलास-५ वर चारही याने एकावर एक रचून गेली होती. चारही अजून काम करतायत.

तक्त्याचे रकाने आज नक्की झाले. पहिला पटलाच्या एकूण प्रवाहाचा, दर मीटरमागे मिलिअँपिअर, कारण तो जाडीवर अवलंबून नाही आणि क्लस्टर, थेमिस, एमएमएस तिन्ही एकाच फूटपट्टीवर येतात. मग पटलाचा वेग आणि जाडी. मग चौरस मीटरमागचा प्रवाह, कर्लोमीटरने आणि जिथे बारीक डेटा आहे तिथे कणांनीही, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत, सरासरी न काढता. शेवटी यानांमधलं अंतर भागिले जाडी. हे गुणोत्तर अर्ध्याच्या वर असलेल्या ओळींतला चौरस मीटरचा आकडा 'किमान' म्हणून छापायचा. मॅडमना हा नियम थोडा कडक वाटला, कारण क्लस्टरच्या बऱ्याच ओळी त्यात अडकतील. पण बनावट पटलात यान-अंतर आणि अर्ध्या जाडीचं गुणोत्तर दोनवर गेलं तेव्हा चौथा हिस्सा गायब झाला होता. संपूर्ण जाडी धरली तर ते गुणोत्तर एक होतं, म्हणजे अर्ध्याची रेघ त्याच्या पुरेशी अलीकडे पडते.

पुढचं काम: शांत दिवसांच्या ओलांडण्यांची यादी पुरी करणं, आणि प्रत्येकीसाठी सौर वाऱ्याची नोंद जोडणं. सौर वारा मोजणारी याने असतात त्या एल-१ बिंदूवरून (पृथ्वीपासून सूर्याकडे सुमारे १५ लाख किमी) ४०० किमी वेगाच्या वाऱ्याला इथवर यायला तासभर लागतो, तेवढी वेळ सरकवून दाब घ्यायचा. त्या दाबावरून आतलं क्षेत्र किती असावं ते काढायचं आणि पहिल्या रकान्याशी ताडून बघायचं.